मापासाठी उभा माणूस

जमिनीच्या थरांचं वर्णन खालून वर लिहितात. सगळ्यात जुना थर आधी, ही आमच्या भूगर्भशास्त्राची रीत. पूर्णेच्या काठची ती उंच दरड मी तशीच लिहिली. एक, वाळू, बारीक, सुटी, बोट लावलं की गळते. दोन, पिवळी चिकणमाती, घट्ट. तीन, चुनखडीचे खडे. सगळ्यात वर काळी माती.

दरड किती उंच ते कळावं म्हणून फोटोत माणूस उभा करतात. मी हर्षलला उभा केला. आम्ही दोघं एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तो पिंपळगाव राजाचा, पक्का वऱ्हाडी; मी देऊळगाव राजाची, जालन्याच्या वेशीवरची. माझं बोलणं ऐकून तो मला ‘अर्धी जालन्याची’ म्हणायचा.

"पट्टी लाव न अश्विनी," तो म्हणाला.

मापाची पट्टी गाडीत होती आणि माझी जीभ जन्माची तिखट. "भित्रा कुठला! हो पुढे."

हसला आणि गेला. "तोंड दरडीकडे कर," मी ओरडले. फोटो निघाला, आणि दरड त्याच्यावर कोसळली.

याला आता अडीच महिने झाले. मी रडले नाही. धक्का बसलाय म्हणे पोरीला. बसला असेल बाई! मी जेवते, झोपते, वेणी घालते. सर म्हणाले नवा फोटो काढून आण, मी बरं म्हटलं. आत काहीच हलत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.

मग हर्षलच्या आईचा, सोजराबाईंचा निरोप आला. लेकाचा शेवटचा फोटो पाहिजे. मी फोटो घेतला, नोंदवहीही घेतली. म्हटलं, सगळं सांगून टाकू. बाईनं दोन मुस्काटात मारल्या तर बरंच होईल.

त्या ओसरीत तूर पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी फोटो पदरानं पुसला.

"तोंड नाई दिसत व त्याचं."

"मीच तसं सांगितलं होतं, मावशी." मी वही उघडली. "हे बघा, वाळू सुटी आहे. हे मी आधी लिहिलं, त्याला नंतर उभं केलं." तोंडी परीक्षेत बोलावं तसं सपाट बोलले.

त्या चिडल्या नाहीत. फोटोतल्या वाळूवर बोट ठेवून म्हणाल्या, "त्याचा आजा, त्याचा बाप, दोघं इहिरी खोदनारे. वाळूवर चिकन माती दिसली का आमच्या घरचं लेकरू खाली पाय ठेवत नाई. धा वर्साचा होता तवापासून त्याले माहीत होतं हे."

मग माझ्याकडे बघितलं. "मंग उभा काऊन राह्यला तो तिथं?"

मी वही मिटली. सगळं सांगायचं ठरवून आले होते, त्यात एक गोष्ट नव्हती.

"मी त्याले भित्रा म्हटलं," मी म्हणाले, त्याच्याच बोलीत, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.