जिव्हाळीतला खिळा

"खोड ते वाक्य," तोरोस नालबंद मला म्हणाला. "मी शूर नव्हतो."

बुर्ज हम्मूदमधल्या आमच्या आर्मेनियन निर्वासितांच्या मंडळाच्या खोलीत वेरीगोम गावच्या आठवणींचं पुस्तक चाललं होतं. तुर्की शिपायांनी गाव जाळलं त्याला चाळीस वर्षं झालेली. उरलेल्यांनी सांगायचं, मी लिहायचं. पण हायगाझ गुरुजींनी सांगण्याआधीच वाक्य करून ठेवलं होतं : 'आमच्या नालबंदाने शत्रूचा घोडा लंगडा केला.'

"काका, आपली पोरं हे वाचणार," गुरुजी म्हणाले. "एक तरी माणूस लढला म्हणू द्या की."

"तू तेव्हा आईचं दूध पीत होतास, गुरुजी. गप बस आणि ऐक."

मग त्याने सांगितलं.

शिपायांनी पुरुषांना दोघंदोघं एकत्र बांधून ओढ्यावर नेलं आणि कुऱ्हाडींनी तोडलं. गोळ्या वाचवायच्या होत्या. युद्धात असं होतंच, असं मला कुणी सांगू नये. ओढ्यात प्रेतांचा बांध पडला आणि पाणी शेतात शिरलं. तोरोसला मात्र जिवंत ठेवलं, कारण घोड्यांना नाल लागतात. तिकडे त्याचे दोन भाऊ तुटत होते आणि इकडे तो तोडणाऱ्यांच्याच घोड्यांचे खूर तासत होता. कप्तान रिफअतच्या घोड्याचा पाय मांडीवर आला, तेव्हा त्याने एक खिळा बाहेर न वळवता आत, खुरातल्या जिवंत मांसाच्या, जिव्हाळीच्या अंगाला सोडला. थोडासाच. असा खिळा लगेच कळत नाही. दोन-तीन दिवसांनी आत पू धरतो आणि घोडा पाय टेकेनासा होतो.

"वाटलं, कड्यावरून पडेल भडवा. एवढीच माझी अक्कल."

बायकापोरांचा तांडा दक्षिणेला हाकलला. घोड्यांसाठी तोरोसलाही सोबत घेतलं. त्याची बायको त्रफांदा आठ महिन्यांची गरोदर होती, खेचरावर बसली होती. तिसऱ्या दिवशी घोडा लंगडला. कप्तान उतरला आणि त्याने तांड्यावर नजर फिरवली. अख्ख्या तांड्यात खेचर ते एकच.

"केस धरून खाली ओढली तिला. पाऊण तास चालली बिचारी. मग मला म्हणाली, 'अहो, जरा टेकते हं.' टेकलेल्या माणसाला ते उठवत नसत. संगीन पोटातच घातली. आणि लगेच मला हाक, 'ए नालबंद, घोड्याला काय झालंय बघ.' दगड लागला असेल साहेब, म्हणालो. खिळा उपटला. पू पिळून काढला, खूर धुतला. ती अजून कण्हत होती, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढला. "पण काका, मारलं त्यांनी. तुम्ही नाही."

"त्यांनीच मारलं! कप्तानाचं नाव मोठ्या अक्षरात छाप. त्यांचं पाप धुवायला आलो नाही मी. पण खेचर एकच आहे हे मला ठाऊक होतं की नाही? मग तेही छाप."

"उद्या तुर्क म्हणतील, बघा, हेच आपला दोष कबूल करतायत."

"म्हणू देत. त्यांच्या भीतीने मी खोटं बोलू? माझी बायको माझ्या शौर्याच्या गोष्टीतून गाळलीस तू. शूर नवरा हवा, बाई नको! छापायचं तर सगळं छाप, नाहीतर माझं घर पुस्तकातून काढ."

तो खरोखरच उठला. टोपी घातली. दारापर्यंत गेला.

"बसा, काका," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता : "खोड रे ते."

मी खोडलं. त्याने सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत लिहिलं. तो उभ्यानेच ऐकत होता. शेवटी घरातल्या माणसांचा रकाना आला. त्याचं नाव लिहिलं. त्रफांदाचं लिहिलं.

"अजून एक," तो म्हणाला.

"नाव?"

त्याने कागदावर आपला काळा, चेमटलेला अंगठा आडवा ठेवला.

"एवढी जागा सोड."