चाळिसावं पुस्तक

मी ग्रंथपेटी बोलतेय. फणसाच्या लाकडाची, पितळी कडीची आणि स्वभावाने जरा कडकच. खेड्यांतल्या वाचनालयांना पुस्तकं पुरवायला जिल्हा ग्रंथालयाने मला घडवून घेतलं. पोटात चाळीस पुस्तकं घ्यायची, एसटीच्या टपावर चढायचं, एका गावात तीन महिने राहायचं आणि पुढचं गाव गाठायचं. पुस्तक नेताना माणसं फार गोड बोलतात. परत आणताना मात्र त्यांना सतरा कामं निघतात.

चौऱ्याऐंशी साली मी रेडीच्या वाचनालयात होते. त्यांची स्वतःची पुस्तकं एका कपाटात मावायची, तीही लोकांची वाचून पाठ झालेली. सारी भिस्त माझ्यावर. नियम मात्र सक्त होता: एक जरी पुस्तक कमी भरलं, तरी त्या गावाला पुढची पेटी बंद.

दसऱ्याला दोन दिवस होते. जिल्ह्याहून काशिनाथसाहेब मला न्यायला आले. मोजणी झाली. एकोणचाळीस!

ग्रंथपाल जयराम मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळिसावी कादंबरी शेवंतीकाकीकडे होती. काकीला अक्षर येत नसे. सून रोज दुपारी वाचून दाखवी. सकाळी मास्तर मागायला गेले, तर पुस्तक देव्हाऱ्यासमोर मांडलेलं, वर हळदकुंकू.

“सरस्वती मांडल्यार पुस्तक हलवूचा नसता, मास्तर,” काकी म्हणाली होती. “परवा दसऱ्याक देतंय.”

मास्तरांनी हे सगळं साहेबांना सांगितलं.

“माझी गाडी आज तीनची आहे,” साहेब म्हणाले. “रेडीचं नाव यादीतून कमी करावं लागेल.”

माझा जीव नुसता कासावीस झाला. पण पेटीला कोण विचारतो! बाहेर एसटी येऊन थांबली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, तोच काकी धापा टाकत दारात आली. पदराखाली पुस्तक.

“घेवा. देवीक हात जोडून उचललंय. माझ्यापायी गावाचा वाचन बंद पडाक नको.”

साहेबांनी पुस्तक माझ्यात ठेवून कडी लावली. काकी जागची हलेना.

“पूजेत ठेवला म्हणान शेवटची चार पानां रवली, सायबांनू. तां चेडू आवशीक गावला काय?”

कंडक्टरने हाक मारली. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि कडी पुन्हा काढली.

“बस गो काकी,” ते म्हणाले, “वाचतंय.”

गाडी निघून गेली. चौथ्या पानावर त्या मुलीला आई भेटली, आणि काकी हमसून हमसून रडली.

आता माझी बिजागरी सैल झालीय, कोपरे झिजलेत. अजून किती गावं होतील, ठाऊक नाही. एवढंच मागते: पेटी भरून न्यायला याल तेव्हा पुस्तकं जरूर मोजा, पण कुणाची गोष्ट अर्धी राहिलीय का, तेही विचारा.