परसातलं एकटं पिकॅन

मित्रांनो, मी एक पिकॅनचं झाड आहे. आदिलाबादजवळच्या तामसी गावात, वामनरावांच्या परसात, मोरीच्या अंगाला उभा आहे. तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही. अक्रोड आमचा चुलतभाऊ. त्याला सगळे ओळखतात. आमचं फळ त्याच्याहून गोड असतं म्हणे. ‘म्हणे’ असंच मला म्हणावं लागतं, कारण माझं एकही फळ आजवर कुणी खाल्लेलं नाही.

खरं तर आम्ही दोघं होतो. वामनरावांचा मुलगा पंकज शेतीच्या प्रशिक्षणासाठी हिमाचलात गेला होता. तिथल्या रोपवाटिकेतून त्यानं आम्हा दोघांना ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. दारात उतरवल्यावर त्याच्या आईनं, रेणुकाबाईंनी, विचारलं, “काय म्हन्तेत रे याले?”

“पिकॅन.”

“पिकीन?” त्या खुदकन हसल्या. “बरं नाव हाय. सोताच सांगून राह्यलं, मी पिकीन म्हून!”

त्या दिवसापासून घरात सगळे मला पिकीनच म्हणतात. लाडाचं नाव म्हणून ते छान आहे, पण मला ते फार जड गेलं. मी काही न बोलताच माझ्या तोंडी वचन घातलं गेलं होतं.

पंकजला पुढं मंचेरियलला कोळसा खाणीच्या कचेरीत नोकरी लागली. जाताना तो एवढंच म्हणाला, “माय, दोन्ही जवळजवळ लाव अन् दोन्ही जप. नर्सरीवाल्यानं बजावून सांगितलं हाय.” का, ते त्यानंही विचारलं नव्हतं. रेणुकाबाईंना वाटलं, जोडी शोभून दिसत असेल. पण एक दाराशीही शोभेल म्हणून भावाला त्यांनी पुढच्या अंगणात लावलं आणि मला मागं. आमचं सोटमूळ खोल जातं म्हणून वामनरावांकडून कमरेएवढे खड्डे खणून घेतले. रोज चार तांबे शिंपडण्यापेक्षा त्या दोन-चार दिवसांनी पोटभर पाणी सोडायच्या, आणि उन्हाळ्यात बुडाशी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, चुरा पसरायच्या. पानं बारीक पडू लागली तेव्हा आदिलाबादहून जस्ताचं औषध आणून त्यांनी फवारलं. त्यांची इच्छा एकच होती. मुलानं एवढ्या लांबून आणलेल्या झाडाचं फळ आपल्या हातानं फोडून त्याच्या हातावर ठेवायचं.

आता आमच्या जातीची एक खोड सांगतो. थंडी पडली की आम्ही सगळी पानं गाळतो आणि झोपतो. रानातला साग उघडा झाला तर कुणी काही म्हणत नाही, पण दारातल्या झाडाकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात. पहिल्या दोन हिवाळ्यांत आम्ही वीतभर काड्या होतो, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या वर्षी माघात वामनरावांच्या लेकीचं, सुनयनाचं, लग्न निघालं आणि मांडव पुढच्या अंगणात पडला. लग्नाला आलेल्या बयनाबाई, म्हणजे वामनरावांची मोठी बहीण, दारातच थबकल्या.

“वामन, मांडवाच्या तोंडाशी वाळकं लाकूड? पोरीच्या लगनात असं काऊन उभं ठिवलं?”

“आक्का, पंकजनं आणलेलं हाय ते,” रेणुकाबाई हळूच म्हणाल्या.

“मेलेलं कितीक दिवस जपसान?”

वामनरावांनी पहार घेतली. माझा भाऊ मुळासकट वर आला. तुटलेल्या मुळाकडं वामनराव क्षणभर बघत राहिले, पण तेवढ्यात मांडववाल्यांनी हाक मारली आणि त्यांनी त्याला सरपणात टाकून दिलं. चुलाणात तो नीट पेटला नाही. धुरानं आचारी खोकत होता आणि ओल्या लाकडाला शिव्या देत होता. मीही तेव्हा तसाच उघडाबोडका होतो. पाहुणे मोरीकडं येत नाहीत, म्हणून मी वाचलो. हळदीला आलेल्या पंकजला “एक वाळलं” एवढंच सांगितलं गेलं, आणि लग्नाच्या गडबडीत त्यानंही ते सोडून दिलं.

चैत्रात मला पालवी फुटली. भांडी घासायला आलेल्या रेणुकाबाई मला पाहून तशाच उभ्या राहिल्या.

“अहो, इकडं या. हे त जितं हाय!” मग आवाज खाली गेला. “मंग ते बी जितंच होतं नं?”

वामनरावांनी माझ्या पालवीला हात लावला. “मुळात ओल होती,” ते म्हणाले. “मले दिसली होती.”



मी वाढत गेलो, कौलांच्या वर गेलो, मला तुरे आले. पण माझ्या तुऱ्यांतली पिवळी धूळ, म्हणजे पराग, वाऱ्यावर उडून जाते, आणि मग फळ धरणारी माझी फुलं उघडतात. त्या वेळी धूळ देणारं दुसऱ्या वाणाचं झाड जवळ लागतं. माझा भाऊ नेमका त्या वाणाचा होता. रेणुकाबाई दरवर्षी पानं उचलून उचलून बघायच्या. बयनाबाई चिडवायच्या, “नाव पिकीन, आन पिकत त काईच नाई!” मला फार लागायचं.

शेवटी गेल्या पावसाळ्यात पंकजनं रोपवाटिकेत फोन केला, तेव्हा सगळा उलगडा झाला. तो दुसऱ्या वाणाचं रोप घेऊन आला आणि ते माझ्याशेजारी लावून म्हणाला, “हिवाळ्यात पानं झडतीन, माय. भेवाचं नाई. नखानं साल जराशी खरवडाची. आत हिरवं दिसलं की समजाचं, जितं हाय.”

“एवढंच होतं व्हय?” रेणुकाबाई म्हणाल्या. मग विचारलं, “हे कवा फुलन?”

“सात-आठ वर्सं लागतीन.”

त्या रोपावरून हात फिरवत राहिल्या. “बरं. मी नसली त तुमी खासान.”

कार्तिकात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. एवढी वर्षं मी त्यांचं पाणी प्यालो आणि त्यांच्या हातावर एक फळ ठेवू शकलो नाही, ही खंत माझ्या बुंध्यात कायमची राहील.

यंदाच्या माघात नव्या रोपाची पानं झडली. वामनराव सकाळी उठून त्याच्यापाशी जातात, नखानं साल खरवडतात, हिरवं बघतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात आणि पुन्हा खरवडतात. इवल्याशा खोडावर आता व्रणच व्रण झाले आहेत. काल बयनाबाईंनी त्यांचा हात धरला.

“वामन, हिरवं हाय नं ते? मंग काऊन रोज सोलून राह्यला?”

“तवा नाई पायलं नं, आक्का,” ते म्हणाले.

मित्रांनो, उघड्या झाडावर हत्यार उचलण्याआधी एकदा नख लावून बघा. एकदाच पुरतं, पण ते वेळेवर लावावं लागतं. मला हात असते तर मी वामनरावांना जवळ घेतलं असतं आणि म्हटलं असतं, बाबा, पुरे आता, ते जिवंत आहे.