निळा टिपका

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल सोनोबाई म्हणायचं आणि त्यांच्या नाकावरच्या रागाला वचकून असायचं. अठरा वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत बसून बाईंनी एकच गोष्ट कमावली होती: बाईंनी ‘आहे’ म्हटलं की ते असतंच. गेल्या वर्षी एका बाळंतिणीच्या छातीत त्यांनी पू सांगितला होता आणि सर्जनसाहेबांची सुई कोरडी आली होती. शेवटी छाती कापली, तर पूच निघाला. ती गोष्ट बाईंनी महिनाभर येईल त्याला ऐकवली होती.

त्यामुळे आज दुपारी साहेबांनी फोन करून ‘तुमचं मशीन हल्ली स्वप्नं बघतं का हो?’ असं विचारलं, तेव्हा बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. पाच आठवड्यांच्या बाळंतिणीची डावी छाती लालभडक सुजली होती, अंगात ताप होता. सकाळी बाईंनी मशीनवर बघून सांगितलं, आत लिंबाएवढा पू साचलाय, सुईने ओढला की पोर मोकळी होईल. नेमक्या जागेवर निळ्या पेनाने टिपका काढून दिला. साहेबांनी वॉर्डात त्याच टिपक्यावर दोनदा सुई घातली आणि दोन्ही वेळा ती कोरडी आली. पू नाही म्हणजे गाठ वेगळीच असणार, कदाचित वाईटही, असं साहेबांनी ठरवलं. उद्या भूल देऊन छाती उघडायची, तुकडा तपासायला पाठवायचा, आणि दूध आटवायची गोळी आज चारलाच सुरू करायची.

बाळंतीण काही गोळी घ्यायला तयार नव्हती. तिची जाऊ मात्र भलती तत्पर, गोळीची पट्टी, बाटली आणि पावडरचा डबा घेऊन आलीसुद्धा होती. बाईंनी दोघींना खाली बोलावून घेतलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

बाईंनी पाठीखाली उशी दिली, डावा हात डोक्यावर घ्यायला लावला आणि जेल लावून मशीनचा प्रोब छातीवर अलगद टेकवला. पडद्यावर पू जिथल्या तिथे! जरा दाबलं की पिशवीतला गाळ ढवळून निघत होता. सुईची दोन्ही भोकंही टिपक्याला खेटून, बरोब्बर पिशवीच्या वर. मग सुई गेली कुठे? बाई चक्रावून गेल्या.

“साहेबांनी हात खाली ठेवायला सांगितला होता,” बाळंतीण म्हणाली. “वर घेतला की कळ येते ना, म्हणून.”

बाईंनी उशी काढली, हात खाली घ्यायला लावला आणि पुन्हा बघितलं. टिपक्याखाली नुसती सूज होती. पू चांगला दोन बोटं काखेकडे गेला होता.

बाईंनी प्रोब खाली ठेवला. अठरा वर्षं त्या टिपके काढून देत होत्या, आणि हात वर असताना काढलाय हे त्यांनी कधी एकाही कागदावर लिहिलं नव्हतं. आता गुपचूप दुसरा टिपका काढून दिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फोन उचलला.

“साहेब, चूक माझी आहे. हात वर असताना टिपका काढला आणि तुम्हाला सांगितलं नाही. आता टिपका देत नाही. सुई घेऊन तुम्हीच इथे या, मी प्रोब धरते.”

साहेब म्हणाले, बाहेर पेशंटची रांग लागलीय, उद्या कापताना कळेलच काय ते. बाई इरेला पेटल्या. त्यांनी जाऊबाईंपुढे हात केला, गोळीची पट्टी घेतली आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकली.

“गोळी माझ्या खिशात आहे साहेब. तुम्ही येईपर्यंत ती कुणी घेणार नाही.”

चाराला पाच कमी असताना साहेब कुरकुरत आले. पडद्यावर सुईची पांढरी रेघ सरकू लागली. बाई सांगत होत्या, जरा खाली, अजून थोडं, आता ओढा. सिरिंजमध्ये पिवळा, घट्ट पू आला. साहेबांनी दुसरी सिरिंज मागितली, मग तिसरी. पू तपासायला पाठवा, आठवड्याने पुन्हा मशीनवर बघू, असं म्हणून त्यांनी केसपेपरवरची गोळी स्वतःच्या हाताने खोडली. बाळंतीण ढसाढसा रडली आणि लगेच बाळ मागू लागली. जाऊबाई डबा पिशवीत दडवत म्हणाल्या, दुकानदार परत घेईल बहुतेक.

खोली रिकामी झाली. बाईंनी भिंतीवर जाड अक्षरात कागद चिकटवला: ‘टिपका काढताना हात कसा होता ते लिहा.’ मग त्या खाली बसल्या, पण त्यांना चैन पडेना. गेल्या वर्षीची ती बाळंतीण आठवत होती; तिचाही टिपका हात वर घेऊनच काढला असणार. पू निघाला म्हणून आपण महिनाभर मिरवलं, आणि तिची छाती कापली गेली, दूध गेलं ते गेलंच. बाईंनी जुनी फाइल काढली, नंबर शोधला आणि फोन लावला.

“मी सोनोग्राफीतली डॉक्टर बोलतेय. गेल्या वर्षी तुमची सुई कोरडी आली ना, ती बहुतेक माझ्यामुळे. तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं.”