सूर्यभानमामांची किल्ली

घोडेगावच्या सूर्यभानमामांना आपल्या वस्तूला कुणी हात लावलेला खपत नसे. ट्रॅक्टर उभा केला की किल्ली सदऱ्याच्या वरच्या खिशात. पोटच्या पोरानंही ती मागूनच घ्यायची.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दूध संकलन केंद्र होतं. तिथला जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत रांगेतली माणसं चहा पिऊन परत यायची. शेवटी सून अश्विनीनं काडेपेटीएवढी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्कची डबी आणली, वायरनं बाहेरून जोडली आणि सगळी विंडोज त्या डबीवरच चढवली. आतली बिघडलेली हार्डडिस्क तिनं काढूनच टाकली. आता मशीन चुटकीसरशी सुरू व्हायचं.

मंगळवारी मामांना नेवाशाला लग्नाला जायचं होतं. आपल्यामागं कॉम्प्युटरला कुणी हात लावायला नको, म्हणून निघताना त्यांनी बंद मशीनची ती डबी काढली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली.

संध्याकाळी ते पंगतीला बसले आणि अश्विनीचा फोन आला.

"मामा, तुमी डबी नेली का?"

"व्हय. किल्ली मी कुनापाशी ठेवीत न्हाई. कॉम्प्युटर हाय ना जाग्यावर?"

"हाय की. पन तुमी किल्ली न्हाई, इंजिनच नेलंय. हितं रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय."

मामांनी समोरची बुंदी तशीच ठेवली. खिशावर तळहात घट्ट दाबून ते उठले.

शेजारचा पाहुणा घाबरला. "काय झालं मामा? छातीत दुखतंय का?"

"न्हाई," मामा चपला शोधत म्हणाले, "इंजिन हाय."