मोहाला वळसा

"आजपासून बालाघाटच्या इतिहासाला नवं वळण लागत आहे!" नगरपालिकेचे अध्यक्ष घनश्यामजी गरजले. इतिहास वळायच्या बेतात असतानाच गर्दीतून आवाज आला, "पन बाघ कुठी हाये जी?"

चूक दवंडीवाल्या महागूची. गावात बाग होणार, एवढंच त्याला ओरडायचं होतं. त्याने 'ग'वर जरा जास्त जोर दिला आणि बागेचा झाला बाघ. म्हणजे हिंदीतला वाघ. पिंजरा पाहायला पार हट्टा गावाहून बैलगाड्या आल्या होत्या.

मैनाबाई मात्र वाघासाठी आली नव्हती. मैदानाच्या मधोमध तिचा मोह उभा होता. तिचा म्हणजे, दर चैत्रात त्याची फुलं ती वेची, वाळवून विकी आणि उन्हाळा काढी, म्हणून तिचा. अध्यक्षांना फाटकापासून व्यासपीठापर्यंत सरळ रस्ता हवा होता आणि मोह त्या सरळपणाच्या नेमका आड येत होता.

बाग आखणार होती रामपायलीची पुष्पलता. परदेशात शिकून आलेली, जिल्ह्यातली पहिली लँडस्केप आर्किटेक्ट. हा शब्द कोणाच्याच तोंडात मावेना, म्हणून 'बागवाली बाई'.

वाघ न बघताच गाव घरी गेलं, आणि ही बाई उकिडवी बसून धूळ बघू लागली.

"काही पडलं काय जी?" मैनाबाईने विचारलं.

"पावलं बघतेय, मावशी. एकही माणूस सरळ गेला नाही. सगळे मोहाखालून वळून गेले."

"ऊन केवढं होतं! सरळ काहून जातीन?"

"मग रस्ताही नाही जाणार," पुष्पलता म्हणाली.

अध्यक्ष तापले. "वाकडा रस्ता? लोक हसतील!"

"गाव चाललं तिथून रस्ता. गावाला वाकडं म्हणायचं असेल तर तसा ठराव करा."

ठराव झाला नाही. निवडणूक जवळ होती.

पुढे पुष्पलताने गावोगावी बागा केल्या. आधी लोकांना नुसतं चालू द्यायची, मग रस्ता आखायची. तिच्या हाताखाली शिकलेली मंडळी मोजायची फीत काढण्याआधी विचारू लागली, या झाडाखाली कोण बसतं?

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या चैत्रात, सकाळी, त्याच मोहाखाली तिचा सत्कार झाला. ते वळण मूळ आपल्यालाच सुचलं होतं, असं माजी अध्यक्ष घनश्यामजींनी सांगितलं. पुष्पलताने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मग 'युगप्रवर्तक' हा शब्द आला, शाल आली, आणि पुष्पलता बोलायला उठली.

तेवढ्यात टोपली घेऊन मैनाबाई तरातरा पुढे आली.

"या, या! बाईंविषयी दोन शब्द बोला," घनश्यामजी म्हणाले.

मैनाबाईने पुष्पलताच्या चपलांकडे पाहिलं.

"बाई, जराशा सरका ना जी. फुलं पायाखाली येऊन राह्यले."