खंडेनवमीला वगळलेली शिडी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो, आणि मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही म्हातारी थोडं रडगाणं गाईल आणि शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळी होईल. तसं काही होणार नाही.

माझा जन्म वेरूळच्या एका सुताराच्या अंगणात झाला. माझे दोन उभे दांडे सागाचे आहेत आणि पायऱ्या बाभळीच्या. बाभळीचं लाकूड लवकर मोडत नाही आणि लवकर विसरतही नाही. सुताराने एकेक पायरी खाचेत ठोकून बसवली, मला भिंतीला टेकवलं, स्वतः वर चढून दणादण उड्या मारून पाहिल्या आणि मगच मला पडेगावच्या भिकनच्या हवाली केलं.

भिकनच्या घरात बापजाद्यांपासून मेंढ्या होत्या. पण मेंढ्यांमागे हिंडण्यापेक्षा त्याला भिंती रंगवण्यात गोडी वाटली. या शहरातली कितीतरी घरं आम्ही दोघांनी रंगवली. चढण्याआधी तो मला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. त्याची बायको बानाबाई हसायची. मग तो म्हणायचा, "हसू नको. पाय द्यायच्या आधी हात लावावा. मंग ती आपल्याला धरती."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवशी शेतकरी औतफाट्याची पूजा करतो, शिंपी मशीनची, ड्रायव्हर गाडीची. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्याने त्याला हळदकुंकू लावायचं. भिकनच्या घरी पहिला मान माझा होता. आधी मला झेंडूचा हार, मग ब्रशांना. बानाबाई पुरणपोळीचा घास माझ्या खालच्या पायरीवर ठेवायची. मला काही पोटबिट नाही, पण मान कुणाला नको असतो?

पुढे भिकनचे गुडघे गेले. मला विकायचं ठरलं, तेव्हा पुंडलिकनगरचा शिवम मला न्यायला आला. शिवम वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला होता. नवं लग्न, कर्ज काढून घेतलेलं जुनं घर आणि डोक्यात एकच खूळ, की घरातली सगळी दुरुस्ती आपणच करायची. त्याने माझ्या किमतीत इतकी घासाघीस केली की बानाबाई आत निघून गेली. जाताना भिकन एवढंच म्हणाला, "दसऱ्याला हिला इसरू नका." शिवम म्हणाला, "व्हय व्हय, काका." असं तो सगळ्यांनाच म्हणतो, हे मला नंतर कळलं.

आता या जोडप्याच्या हिशेबाची तऱ्हा ऐका. पगार झाला की रविवारी दोघं चहा घेऊन बसत. शिवमच्या मोबाइलमध्ये खर्चाचे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'वाचवले'. स्वतः एक बल्ब लावला तरी तो इलेक्ट्रिशियनची मजुरी त्या रकान्यात टाकायचा. भिंतीत चार खुंट्या मारायला माणूस लई पैसे मागतो, म्हणून त्याने ड्रिल मशीन विकत आणलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मशीनची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात दिसली नाही. त्याची बायको संस्कृती घरखर्चातून खरोखर उरलेले पैसे चहाच्या एका जुन्या डब्यात टाकायची.

तो डबा नव्या टाकीसाठी होता. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. जेव्हा येतं तेव्हा ते अंगणातल्या हौदात भरून घ्यायचं आणि मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. ती टाकी तडकली होती. शिवमने तिच्या चिरेत घरच्या घरी तीनदा लांबीची पुट्टी भरली आणि तिन्ही वेळा मजुरी 'वाचवले'मध्ये लिहिली. टाकी गळतच राहिली. वर चढवलेलं निम्मं पाणी गच्चीवर वाहून जायचं. दिवाळीला संस्कृतीचं माहेर जेवायला येणार होतं आणि त्याआधी नवी टाकी बसवायचीच, असं तिने मनाशी धरलं होतं. डबा जवळजवळ भरत आला होता.

माझ्या वाट्याला काय आलं? माझ्यावर ओली फडकी वाळत पडू लागली. माझ्या पायऱ्यांवर रंगाचे डबे चिकटले. शिवम बुटांसकट चढायचा. हेही मी गिळलं असतं. पण एक दिवस त्याने मला जिन्याखाली ठेवायचं ठरवलं आणि मी तिथे मावेना. त्याने सरळ करवत आणली.

"अहो, सुताराला विचारा ना," संस्कृती म्हणाली.

"दोन कापांसाठी सुतार? घरच्या घरी होतंय की."

त्याने माझे दोन्ही पाय कापले, आणि तेही वेडेवाकडे. एक दांडा बोटभर आखूड झाला. कापलेले तुकडे त्याने कूलरखाली सारले. मी हलायला लागले तेव्हा आखूड पायाखाली फुटक्या फरशीचा तुकडा दिला आणि संध्याकाळी सुताराची मजुरी 'वाचवले'मध्ये लिहिली. मित्रांनो, त्या दिवशी जिन्याखालच्या अंधारात मी शपथ घेतली. याला मी पाडणार. आज नाही, उद्या नाही, पण पाडणार.

खंडेनवमी आली. झेंडू महाग झाला होता. शिवमने फुलं मोजून आणली आणि मोजूनच हार केले. मोटारसायकलला मोठा हार, लॅपटॉपला छोटा, मिक्सरला दोन फुलं. ड्रिल मशीनला सगळ्यांत टपोरं फूल मिळालं. त्या मशीनने आयुष्यात चार खुंट्यांची भोकं पाडली होती, त्यातही एक चुकीच्या जागी.

शेजारच्या चतुराबाई मावशी प्रसाद द्यायला आल्या होत्या. त्यांनी जिन्याखाली वाकून पाहिलं. "अगं संस्कृती, सगळ्याला हार घातला, शिडी तेवढी राहिली की गं."

संस्कृतीने शिवमकडे पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, फुलं संपली. आणि लाकूडच ते, त्याची कसली पूजा?"

मावशी आपल्या घरी गेल्या आणि शिवम आत वळला, तेव्हा संस्कृतीने ताटातलं उरलेलं कुंकू माझ्या खालच्या पायरीला लावलं. मी ते घेतलं आणि माझ्या शपथेतून तिला वगळलं. माझं भांडण तिच्याशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच छज्ज्याला तोरण बांधायचं निघालं. शिवम सोनं वाटायला निघण्याच्या गडबडीत होता, म्हणून आधी संस्कृती चढली. तिने चपला काढल्या आणि मला हात लावला. "अहो, हलायलीय ही," ती वरून म्हणाली. मी अंगातलं सगळं बळ आखूड पायात आणलं आणि तिला धरून ठेवलं. तिने तोरण बांधलं. थोडं तिरकं झालं, पण बांधलं.

शिवमने खालून पाहिलं. "वाकडं झालंय. उतर, तुला नाय जमत."

"राहू द्या ना. कोण बघतंय?"

"सगळी कॉलनी बघती. उतर."

ती उतरली आणि तो चढला, बुटांसकट. त्याने हात लावला नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्या क्षणाची मी इतके दिवस वाट पाहिली, तो आपल्या पायाने चालत आला होता. तोरणाच्या गाठीला हात घालायला तो एका बाजूला झुकला. मी काहीही केलं नाही. मी फक्त धरणं सोडलं. फरशीचा तुकडा निसटला, मी बाजूला घसरले आणि शिवम नव्या कपड्यांत अंगणात आडवा झाला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! माझा एक दांडा चिरला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. करावं तसं भरावं.

त्याचं मनगट मोडलं होतं. दवाखाना झाला, हाडाचा फोटो झाला, प्लास्टर झालं. संध्याकाळी संस्कृतीने चहाचा डबा ओट्यावर पालथा केला. सगळे पैसे दवाखान्याला गेले. तो डबा तिने धुऊन पालथा ठेवला आणि चहा करायला घेतला.

आता माझा राग तुम्हाला वाटतो तसा संपला नाही. पण त्या आनंदात एक काटा रुतला. दिवाळी आली, माहेरची माणसं आली आणि नवी टाकी नव्हती. गळकी टाकी भरणार किती? शिवमचा हात गळ्यात. मग वरच्या मजल्यावरच्या मोरीसाठी संस्कृती हौदातून बादल्या भरून जिना चढायची. दिवसभर ती माझ्यासमोरून वर जायची आणि खाली यायची. एकदा तिने बादली माझ्याशेजारी टेकवली आणि तळहात पाहिले. कडीने लाल वळ उठले होते. ज्याने पाय कापले तो पलंगावर बसून फराळ करत होता, आणि जिने कुंकू लावलं ती पाणी वाहत होती. सूड मी नेम धरून घेतला होता. तरी तो तिलाच जाऊन लागला. त्या क्षणी मला शिवमचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

भाऊबीज झाल्यावर गल्लीत भंगारवाला ओरडत आला. शिवम उठला. "ही पनवती आधी काढून टाकतो."

संस्कृती जिन्यात उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ऐकूनच बरं वाटलं. "शिडी जाणार नाय. पाय तुम्ही कापले तिचे. विकायचंच असेल तर ते ड्रिल विका."

"अगं, ते महागाचं आहे."

"म्हणूनच."

"आणि मग दुरुस्त्या?"

"ज्याचं काम त्याला सांगायचं. आणि आजपासून हिशेब मी बघणार. तो 'वाचवले' रकाना काढून टाका. डब्यात नाय ते वाचलेलं नाय."

ड्रिल मशीन मोंढ्याच्या बाजारातल्या एका दुकानात निम्म्या किमतीला गेलं. त्या पैशांतून सुतार आला. त्याने माझे पाय सारखे केले, खाली सागाचे नवे तुकडे जोडले आणि चिरलेल्या दांड्याला लोखंडी पट्टी मारली. उरलेले पैसे डब्यात पडले. ड्रिल मशीन घराबाहेर जाताना मी पाहिलं. सूड कसा गोड असतो ते मला तेव्हा पुरतं कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर नवी टाकी आली. प्लंबरने ती बसवली. नळी भिंतीला बांधायचं काम तेवढं शिवमने मागून घेतलं. त्याने बूट काढले. मला हात लावला, आणि बराच वेळ लावून ठेवला. मग त्याने पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून मी हलते का ते पाहिलं आणि मगच दुसरा उचलला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी कळकट बादली असेल, गंजलेली पक्कड असेल, माझ्यासारखी म्हातारी शिडी असेल. त्यांची निगा राखा. त्यांना तोंड नसतं म्हणून त्यांना काही कळत नाही असं समजू नका. तुमचा सगळा भार आम्ही उचलतो, आणि उचलायचा की नाही हे आमच्याच हातात असतं.

अजूनही शिवम चढला की मी मधल्या पायरीवर मुद्दाम करकरते. तो जागीच थिजतो, दांडे घट्ट धरतो आणि देवाचं नाव घेतो. मी त्याला आता पाडणार नाही, कारण खाली संस्कृती मला दोन्ही हातांनी धरून उभी असते. पण हे त्याला सांगू नका.